पाड्यावरच्या गोवराचे गणित: साथीचे मॉडेल स्प्रेडशीटमध्ये कसे मांडावे

होळी आठ आठवड्यांवर आली आहे असे धरा. ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा-अक्राणीच्या पाड्यांवर परतू लागतील, होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार भरतील, काठी गावच्या होळीला डोंगरभरून माणूस लोटेल. त्या गर्दीत एका मुलाच्या अंगात गोवराचा विषाणू असला तर पुढे काय होईल? प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर मोजक्या, गाडी एक, आणि पाडे चारही दिशांना पांगलेले. आधी कुठे जायचे, किती डोस न्यायचे आणि कोणत्या तारखेच्या आत आटपायचे, हे ठरवायला साथीचे गणिती मॉडेल कामाला येते. त्याला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. स्प्रेडशीट, लसीकरणाचे रजिस्टर आणि एक दुपार पुरते.

हा लेख वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य कार्यालयात आकडेवारी सांभाळणारे आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी आहे. उदाहरणातले आरोग्य केंद्र कल्पित आहे. त्यातली लोकसंख्या आणि लसीकरणाचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तिथे आपले आकडे घाला. गोवराबद्दलचे आकडे मात्र खरे आहेत.

आधी निर्णय, मग गणित

कोऱ्या शीटच्या पहिल्या ओळीत समीकरण लिहू नका, निर्णय लिहा. "होळीच्या आधी एकच मोठी फेरी करायची, की लोक परतल्यावर दुसरीही करायची?" हा निर्णय झाला. "गोवर किती पसरेल?" हा नुसता प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले तरी उद्या सकाळी गाडी कुठे जाणार ते ठरत नाही. निर्णय लिहिला की मॉडेल किती बारीक करायचे तेही कळते. दोन पर्यायांत फरक दाखवण्यापुरते बारीक केले की बस. वाहन, रस्ता, जात, पेशा असे सगळे घालायला गेलात तर आकडे अंदाजाने भरावे लागतात आणि मग मॉडेल तुमचेच अंदाज तुम्हाला परत ऐकवते.

माणसांचे खाने

लोकांना आजाराच्या अवस्थेप्रमाणे खान्यांत वाटायचे आणि रोज किती जण एका खान्यातून दुसऱ्यात जातात ते मोजायचे. पद्धत जुनी आहे. १९२७ मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी ती मांडली आणि त्यातून निघालेला साथीच्या चढ-उताराचा वक्र पडताळून पाहिला तो १९०५-०६ मधल्या मुंबईच्या प्लेगमृत्यूंवर. वक्र सुंदर जुळला. पण प्लेग पसरतो उंदरांच्या पिसवांतून, आणि ऋतूप्रमाणे त्याचा जोर बदलतो. माणसामाणसांतला एकच स्थिर दर धरून तो समजत नाही. वक्र जुळला म्हणजे कारण सापडले असे होत नाही, हे या विद्येच्या पहिल्याच उदाहरणात दिसते. आपला वक्र जुळेल तेव्हाही ते लक्षात असू द्या.

गोवराला ही पद्धत चांगली लागू पडते, कारण तो थेट माणसाकडून माणसाला, हवेतून होतो, आणि एकदा होऊन गेला की सहसा जन्मभर पुन्हा होत नाही. लोकांचे चार खाने करा. धोक्यातले, म्हणजे ज्यांना होऊ शकतो. सुप्त, म्हणजे विषाणू शिरला आहे पण अजून दुसऱ्याला देत नाहीत. पसरवणारे. आणि सुरक्षित, म्हणजे लसीमुळे किंवा आजार होऊन गेल्यामुळे साखळीबाहेर पडलेले.

यासाठी तीन आकडे लागतात.

पहिला आर-शून्य: कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होईल. गोवरासाठी तो साधारण १२ ते १८ धरतात. आपण १५ घेऊ आणि शेवटी १२ आणि १८ वरही चालवून पाहू.

दुसरा सुप्त काळ. संसर्ग झाल्यापासून पुरळ यायला सरासरी दोन आठवडे लागतात, आणि पुरळाच्या सुमारे ४ दिवस आधीपासून मूल आजार पसरवू लागते. मॉडेलमध्ये ८ ते १० दिवस चालतात. आपण ८ घेऊ.

तिसरा पसरवण्याचा काळ. पुस्तकात तो पुरळाआधी ४ ते पुरळानंतर ४ दिवस असा असतो. पण पुरळ उठल्यावर मूल घरात निजून असते, बाजाराला किंवा अंगणवाडीत जात नाही, म्हणून परिणामाच्या दृष्टीने ५ दिवस धरणे योग्य. ज्या पाड्यावर एकाच झोपडीत तीन घरची मुले एकत्र असतात तिथे हा आकडा वाढवा.

आर-शून्याला पसरवण्याच्या काळाने भागले की रोजचा संपर्कदर, म्हणजे एका रुग्णापासून रोज किती जणांना लागण होऊ शकते तो आकडा, मिळतो: १५ भागिले ५, म्हणजे ३.

धोक्यातली मुले मोजणे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी सगळे यावर उभे आहे.

टक्केवारीचा एक आकडा घेऊ नका. प्रत्येक पाड्याची मुले तीन रकान्यांत लिहा: दोन डोस झालेली, एकच झालेला, एकही न झालेली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत देतात. ९ व्या महिन्याचा डोस साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण देतो, दोन्ही झाले तर साधारण ९७ टक्के. म्हणून धोक्यातली मुले अशी: एकही डोस नसलेली सगळी, अधिक एक डोसवाल्यांच्या १५ टक्के, अधिक दोन डोसवाल्यांच्या ३ टक्के.

उदाहरण घेऊ. एका केंद्राच्या हद्दीत १० वर्षांखालची ५,००० मुले आहेत. ४,००० सपाटीच्या गावांत, १,००० डोंगरातल्या पाड्यांवर.

गावांत दोन डोस ९० टक्के, एक डोस ६ टक्के, शून्य ४ टक्के. धोक्यातली मुले ३०४.

पाड्यांवर दोन डोस ४५ टक्के, एक डोस २० टक्के, शून्य ३५ टक्के. धोक्यातली मुले ३९४.

पूर्ण केंद्राचा अहवाल काढला तर किमान एक डोस झालेली मुले जवळजवळ ९० टक्के भरतात. बैठकीत हा आकडा कोणाला खटकणार नाही. आता चालू आर काढा, म्हणजे आर-शून्य गुणिले धोक्यातल्यांचा वाटा. तो १ च्या वर असेल तर साथ वाढते, खाली असेल तर विझते. केंद्राची सरासरी घेतली तर १५ गुणिले १४ टक्के, म्हणजे २.१. वेगवेगळे मोजले तर गावांत १.१४ आणि पाड्यांवर ५.९.

या दोन आकड्यांतला फरक नुसता कागदावरचा नाही. रुग्णसंख्या दुप्पट व्हायला किती दिवस लागतात ते पाहा. सरासरीच्या हिशोबाने ११-१२ दिवस, म्हणजे बैठक घ्यायला, लस मागवायला, फिरायला सवड आहे असे वाटते. पाड्यावर मात्र साडेचार दिवसही लागत नाहीत. दोन आठवडे उशीर झाला तर तिथे रुग्ण ९ पट झालेले असतात. गावांत दुप्पट व्हायला दोन महिने लागतील.

साथ पेटण्याची शक्यताही अशीच वेगळी निघते. एकच आजारी मूल आले आणि पुढे कोणाला न लागता साखळी आपोआप तुटली, असे होण्याची शक्यता साधारण १ भागिले आर असते. गावात ती ८८ टक्के, पाड्यावर १७ टक्के. परतणाऱ्या वेगवेगळ्या टोळ्यांतून तशी तीन मुले आली तर पाड्यावर साखळी तुटण्याची शक्यता अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणून सरासरीवर चालणारे मॉडेल सातपुड्यात वापरूच नका. चोपडा, यावल, रावेरच्या उत्तरेकडच्या पाड्यांनाही हेच लागू आहे. केळीच्या सपाट गावांसोबत त्यांची बेरीज केली की ते दिसेनासे होतात.

आकडे गोळा करताना दोन ठिकाणी हात चुकतो. घराला कुलूप असले की सर्वेक्षणात त्या घरची मुले मोजलीच जात नाहीत. कुलूपबंद घर हे शून्य मुलांचे घर नव्हे, शेजाऱ्याला विचारून नावे लिहून घ्या. आणि रजिस्टरमध्ये 'डोस दिला' लिहिलेले असले तरी कार्ड पाहा. कार्ड नसेल आणि आईला आठवत नसेल तर मॉडेलमध्ये ते मूल शून्य डोसमध्ये धरा. पुन्हा डोस दिला गेला तरी त्यात धोका नाही.

शीट मांडणे

एका ओळीत एक दिवस. रकाने असे: दिवस, धोक्यातले, सुप्त १, सुप्त २, सुप्त ३, सुप्त ४, पसरवणारे, सुरक्षित, आजची नवी लागण.

सुप्त खान्याचे चार भाग का? एकच खाना ठेवून रोज त्यातले एक-अष्टमांश पुढे ढकलले तर काही मुले लागण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी आजार पसरवू लागतात. खऱ्या गोवरात असे होत नाही. या एका चुकीने आपल्या पाड्याचा दुप्पट होण्याचा काळ जवळपास साडेचार दिवसांवरून साडेतीनवर घसरतो. चार भाग करून प्रत्येकात सरासरी २ दिवस, म्हणजे रोज निम्मे पुढे, असे केले की काळ खऱ्याच्या जवळ येतो.

सूत्रे शब्दांत:

नवी लागण = ३ गुणिले आजचे पसरवणारे गुणिले आजचे धोक्यातले, भागिले एकूण मुले.

उद्याचे धोक्यातले = आजचे वजा नवी लागण.

उद्याचे सुप्त १ = आजच्या सुप्त १ चे निम्मे अधिक नवी लागण. सुप्त २ = त्याचे स्वतःचे निम्मे अधिक सुप्त १ मधून आलेले निम्मे. ३ आणि ४ तसेच.

उद्याचे पसरवणारे = आजच्या पसरवणाऱ्यांचे ८० टक्के अधिक सुप्त ४ चे निम्मे.

उद्याचे सुरक्षित = आजचे अधिक पसरवणाऱ्यांचे २० टक्के.

पाड्यांची शीट लावून पाहा. शून्याव्या दिवशी धोक्यातले ३९४, पसरवणारा १, सुरक्षित ६०५, एकूण १,०००. नवी लागण ३ गुणिले १ गुणिले ३९४ भागिले १,०००, म्हणजे १.१८२. पहिल्या दिवशी धोक्यातले ३९२.८१८, सुप्त १ मध्ये १.१८२, पसरवणारे ०.८, आणि नवी लागण ०.९४३. दुसऱ्या दिवशी सुप्त १ मध्ये १.५३४, सुप्त २ मध्ये ०.५९१, पसरवणारे ०.६४. तुमच्या शीटमध्ये हेच आकडे आले तर पुढे जा. प्रत्येक ओळीची बेरीज १,००० च आली पाहिजे. ती हलली की कुठेतरी एखादे मूल दोनदा मोजले गेले किंवा हरवले.

पसरवणाऱ्यांचा आकडा पहिले काही दिवस खाली जाताना दिसेल. घाबरू नका, सूत्र बरोबर आहे. पहिल्या रुग्णाकडून लागण झालेली मुले अजून सुप्त खान्यांतून सरकत असतात. प्रत्यक्षातही असेच होते: एक रुग्ण, मग आठवडा-दीड आठवडा शांतता, मग एकदम पाच-सहा घरांत पुरळ. त्या शांततेत पथक परत बोलावले जाते, आणि नेमके तेच दिवस हातात असतात.

गावे आणि पाडे जोडायचे असतील तर दोन्हींची शीट शेजारी मांडा आणि लागणीचे सूत्र दोन भागांत फोडा. पाड्याच्या मुलांचे ९५ टक्के संपर्क पाड्यात आणि ५ टक्के गावांत धरले, तर गावाच्या मुलांचे ५ टक्के संपर्क पाड्यात धरता येत नाहीत. भेट दोन्ही बाजूंनी एकच असते. १,००० चे ५ टक्के म्हणजे ५०, आणि ४,००० मध्ये ५० म्हणजे सव्वा टक्का. हा ताळा न जुळवल्यामुळे गावांतली साथ मॉडेलमध्ये उगाच चौपट जोराने पेटते. आठवडे बाजाराचा दिवस, सारंगखेड्याची यात्रा, भोंगऱ्या अशा दिवसांपुरता हा ५ टक्क्यांचा आकडा वाढवून पाहता येतो.

लस घाला, आणि सुटलेली मुले शोधा

पाड्यांवर आर १ च्या खाली आणायचा तर धोक्यातली मुले ६७ पेक्षा कमी हवीत, कारण १,००० भागिले १५ म्हणजे ६६.७. आज ती ३९४ आहेत. एकेक धोक्यातले मूल आर मध्ये ०.०१५ ची भर घालते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे सगळी चर्चा एकेका मुलावर येते.

मोहिमेत आधीचे डोस न बघता सगळ्यांना एक डोस द्यायचा असे ठरवले, आणि डोस लागू पडण्याचे प्रमाण ९० टक्के धरले. वयाने मोठ्या मुलांत ते त्याहून चांगले असते, पण लहान बाळे आणि डोंगरातली कोल्ड चेन, म्हणजे लस थंड ठेवून पोचवण्याची सोय, लक्षात घेऊन थोडे कमी धरलेले बरे. आता चार प्रकारे मोजू.

९० टक्के मुलांपर्यंत पोचलो, आणि सुटलेली १०० मुले कोणतीही, विखुरलेली. धोक्यातली ७५ उरतात, आर १.१२.

९५ टक्क्यांपर्यंत पोचलो, सुटलेली ५० विखुरलेली. धोक्यातली ५७, आर ०.८६. साखळी तुटली.

९५ टक्के पोचलो, पण सुटलेली ५० च्या ५० शून्य डोसवाली. धोक्यातली ८४, आर १.२७.

९० टक्के पोचलो आणि सुटलेली १०० शून्य डोसवाली. धोक्यातली १२९, आर १.९४.

तिसरी ओळ पुन्हा वाचा. अहवालात ९५ टक्के, उद्दिष्ट पूर्ण, आणि तरी साथ चालू. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हीच ओळ खरी ठरते, कारण या वेळी सुटणारे मूल तेच असते जे आधीही सुटले होते. त्याचा पाडा रस्त्यापासून दोन तास चालत, आई पहाटे कामाला जाते, घर वर्षातले सहा महिने बंद. सुटणे योगायोगाने होत नाही. ज्या मॉडेलमध्ये सुटणारी मुले समान विखुरलेली धरली आहेत ते तुम्हाला खोटा दिलासा देते. म्हणून शीटमध्ये 'पोचलो' हा रकाना शून्य डोस, एक डोस, दोन डोस या तिन्ही गटांसाठी वेगळा ठेवा.

यातून कामाचा क्रमही निघतो. आधी शून्य डोसच्या मुलांची नावानिशी यादी, पाडावार, आशाताईंच्या हातात. मोजणी दिलेल्या डोसांची ठेवू नका, त्या यादीतल्या उरलेल्या नावांची ठेवा.

वायलचा, म्हणजे लसीच्या कुपीचा, हिशोबही पाड्यानुसार करा. १० डोसची वायल विरघळवली की ४ तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. २३ मुलांच्या पाड्यावर ३ वायल लागतील आणि ७ डोस वाया जातील. एकूण मुले भागिले १० असा हिशोब केला तर शेवटच्या पाड्यांवर लस संपते. म्हणून प्रत्येक पाड्याचा आकडा वर पूर्ण करून मग बेरीज करा. जिथे ५ डोसची वायल मिळते तिथे ती लहान पाड्यांसाठी राखून ठेवा. आणि शेवटी एकटे शून्य डोसचे मूल समोर आले तर त्याच्यासाठी नवी वायल उघडायला सिस्टरने कचरू नये. वाया गेलेल्या ९ डोसांची किंमत आणि आर मधले ०.०१५, यांत काय महाग ते शीट दाखवते.

होळीचा पेच

आता सुरुवातीचा निर्णय. समजा १,००० पैकी २५० मुले आई-बापांसोबत बाहेर आहेत, आणि ३५० शून्य डोसवाल्यांपैकी १५० त्यांच्यात आहेत. सगळी मिळून बाहेरच्यांत धोक्यातली १६५ आणि घरी असलेल्यांत २२९ धरू.

होळीआधी एकच फेरी केली, उत्तम केली, ९५ टक्के. घरची धोक्यातली ३३ वर आली, त्या घडीला साथ शक्य नाही असे वाटते. बाहेरची परतली की ३३ अधिक १६५, म्हणजे १९८, आणि आर सुमारे ३. एवढ्या मेहनतीनंतर. परतल्यावर दुसरी फेरी तितकीच चांगली केली तर ५७ वर, म्हणजे ०.८६ वर येतो. पण लसीनंतर पुरेसे संरक्षण यायला १०-१४ दिवस लागतात, आणि गर्दीचे दिवस नेमके तेच.

म्हणून पर्याय तीन होतात आणि तिन्ही शीटवर चालवायचे. एक, फक्त आधीची फेरी. दोन, आधीची आणि परतल्याच्या पहिल्या आठवड्यातली. तीन, आधीची फेरी आणि बाहेर असलेल्या मुलांना ते आहेत तिथेच लस. मुकादमाला टोळीत किती कोयते (ऊस तोडणाऱ्या जोड्या) आहेत, ती कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे आणि सोबत किती लेकरे आहेत हे तोंडपाठ असते. फोनवर यादी मिळते, ती तिथल्या आरोग्य कार्यालयाला पाठवता येते. तिसऱ्या पर्यायात बाहेरच्या मुलांपैकी निम्म्यांना जरी लस मिळाली तरी परतण्याच्या दिवशीचा आर सुमारे ३ वरून २ च्या खाली येतो. निम्म्यांना आणि ९० टक्के लागू धरून धोक्यातली १६५ ची ९१ होतात, अधिक ३३, म्हणजे १२४, आणि आर १.८६. त्यावर परतीची छोटी फेरी केली की काम होते. नुसत्या दुसऱ्या फेरीपेक्षा यात वेळ हाताशी राहतो. आमच्या मते हा पर्याय सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात जास्त फळ देतो.

साथ सुरू झाल्यावर शीटचा ताळा

रुग्ण दिसू लागले की लाइन लिस्टवरून, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशा यादीवरून, आलेख काढा. तारीख पुरळ उठल्याची घ्या, नोंद झाल्याची नको. नोंदीच्या तारखेने काढलेल्या आलेखात सर्वेक्षण झाले त्या दिवशी उंच खांब उभा राहतो आणि लोक त्याला साथीचा कळस समजतात. शेवटच्या आठवडा-दहा दिवसांचे खांब नेहमी ठेंगणे असतात, कारण त्या दिवसांतले रुग्ण अजून कळायचे आहेत. त्यावरून "साथ ओसरली" म्हणू नका.

रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात ते काढा आणि आपल्या चार सुप्त खान्यांच्या मॉडेलनुसार आर वाचा: ५ दिवसांत दुप्पट तर आर ४.९, ७ दिवसांत ३.२, १० दिवसांत २.३, १४ दिवसांत १.८. मग त्याला १५ ने भागा. ७ दिवसांत दुप्पट होत असेल तर धोक्यातल्यांचा वाटा २१-२२ टक्के निघतो. रजिस्टर १० टक्के सांगत असेल तर रजिस्टर चुकले आहे, किंवा साथ एका कोपऱ्यात आहे आणि तुम्ही सगळ्या केंद्राची सरासरी धरली आहे. दोन्ही बाबतीत पाड्यावर जाऊन कार्डे पाहायला हवीत.

सगळे रुग्ण नोंदले जात नाहीत म्हणून हा ताळा निकामी होत नाही. दर चारांतला एकच रुग्ण कळत असेल, पण तेच प्रमाण टिकून असेल, तर दुप्पट होण्याचा काळ बरोबरच येतो. घोळ होतो तो प्रमाण बदलले की. गेल्या आठवड्यापर्यंत फक्त दवाखान्यात आलेले मोजत होतात आणि या आठवड्यात घरोघर फिरलात, तर वाढ तुमच्या फिरण्याची आहे. घरोघरच्या फेरीत सापडलेल्यांच्या नावापुढे खूण करा. गोवराला 'माता आली' म्हणून घरातच ठेवण्याची रीत जिथे आहे तिथे दवाखान्याचे आकडे आणखी अपुरे पडतात. अशा घरात रागावून माहिती मिळत नाही, बोली जाणणारी आशाताई सोबत लागते.

रुग्णांची वयेही पाहा. १० वर्षांवरची मुले दिसू लागली तर आपण मांडलेला वयोगट अपुरा आहे, १५ पर्यंत वाढवा. ९ महिन्यांखालची बाळे एकूण रुग्णांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर ६ ते ९ महिन्यांच्या बाळांना जादा डोस देण्याची केंद्र सरकारची २०२२ ची सूचना लागू होते. तो जादाच समजायचा, नेहमीचे दोन डोस पुढे द्यायचेच.

खाटा आणि व्हिटॅमिन ए

हे सोपे आहे. रोजच्या नव्या पुरळवाल्या रुग्णांपैकी जितके टक्के दाखल होतात, गुणिले सरासरी मुक्काम, एवढ्या खाटा. कळसाला रोज १५ रुग्ण, १० टक्के दाखल आणि ६ दिवस मुक्काम असेल तर ९ खाटा. टक्केवारी आपल्याच लाइन लिस्टवरून घ्या, कुपोषण जास्त असलेल्या भागात ती वाढते. व्हिटॅमिन ए प्रत्येक रुग्णाला सलग दोन दिवस: ६ महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिने १ लाख, वर्षावरच्यांना २ लाख. रुग्णसंख्येच्या दुप्पट मात्रा साठ्यात हव्यात.

निकाल कसा द्यावा

एकच आकडा देऊ नका. आर-शून्य १२ आणि १८ ठेवून तेच पर्याय पुन्हा चालवा. पाड्यांवरचा आर ४.७ ते ७.१ येतो आणि धोक्यातल्यांची मर्यादा ८३ वरून ५६ वर उतरते. १८ धरला तर ९५ टक्के विखुरलेली फेरीसुद्धा १.०३ वर, म्हणजे काठावरच राहते. पण पर्यायांचा क्रम तिन्ही वेळा तोच येतो: आधीची एकटी फेरी सगळ्यात कमजोर. क्रम बदलत नसेल तर निर्णय घ्यायला मॉडेल पुरेसे झाले. क्रम बदलत असेल तर ज्या आकड्यामुळे तो बदलतो तो आकडा गोळा करायला माणूस पाठवा.

हीच शीट डेंग्यूला लावू नका. जळगाव-धुळ्यासारख्या शहरांत पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, घरोघर पिंपे भरून ठेवतात, डास त्यांतच वाढतो. तिथे डासांचे वेगळे खाने, पाणी साठवण्याचे दिवस आणि ऋतू हे सगळे लागते, आणि माणसा-माणसाचा एक संपर्कदर धरून काही हाती येत नाही.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांसमोर एक पान ठेवा. वर निर्णय आणि तीन पर्याय. मध्ये प्रत्येक पर्यायानंतर उरणारी धोक्यातली मुले, पाडावार, आणि त्यातून येणारा आर, किमान आणि कमाल. खाली गृहीतके, रजिस्टरची तारीख आणि किती घरे कुलूपबंद होती तो आकडा. सोबत शून्य डोसच्या मुलांची यादी जोडा. फेरी झाल्यावर त्याच यादीवर उरलेली नावे मोजून शीट पुन्हा चालवा, आणि शेवटच्या रुग्णाच्या पुरळानंतर ४२ दिवस एकही नवा रुग्ण दिसत नाही तोवर दर आठवड्याला ती चालवत राहा.